मुंबईतील रानभाज्या

रानभाज्या म्हणजे पेरणी वा लागवड न करता जंगलात, माळरानावर, शेताच्या बांधावर आणि ओढ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या खाद्य वनस्पती होत. त्यांची कोवळी पाने, देठ, कोंब, फुलोरे, फळे किंवा कंद भाजीसाठी वापरतात. मुंबई हे महानगर असले तरी त्याच्या उत्तरेस व पूर्वेस सह्याद्रीचे वनक्षेत्र पसरलेले आहे. खुद्द शहराच्या हद्दीतही संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. त्यामुळे दरवर्षी ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत दादर, परळ, लालबाग, गिरगाव या जुन्या मराठी वस्तीच्या भागांत रानभाज्यांची मोसमी बाजारपेठ भरते. पालघर, ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आदिवासी व शेतकरी स्त्रिया या भाज्या खुडून आणतात आणि स्वतःच विकतात. या व्यवहारात घाऊक व्यापाऱ्याचा भाग फारच थोडा असतो.

पार्श्वभूमी

मुंबईची पहिली कापड गिरणी ताडदेव येथे कावसजी दावर यांनी स्थापन केली. १८५४ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. त्यानंतर परळ, लालबाग, लोअर परळ या परिसरात गिरण्यांची संख्या वाढत गेली व हा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. येथील कामगारांत कोकणातून, विशेषतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचे प्रमाण मोठे होते. पावसाळ्याच्या तोंडाला गावाकडे टाकळा, भारंगी, कुड्याच्या शेंगा खाण्याची सवय असलेल्या या कुटुंबांनी मुंबईतही त्याच भाज्यांचा शोध घेतला. गिरगाव व दादर येथील पाठारे प्रभू, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, सोमवंशी क्षत्रिय पाठारे आदी समाजांच्या स्वयंपाकात शेवळासारख्या भाज्यांना पूर्वीपासून मानाचे स्थान होते. अशा रीतीने शहरात मागणी होती, तर शहराबाहेरच्या डोंगरांत पुरवठा होता. या दोहोंना जोडण्याचे काम रेल्वेने केले.

मुंबई–ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली. पश्चिम किनाऱ्याकडील मार्गावर १८६७ पासून विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी धावू लागली. तेव्हापासून वसई–विरार पट्ट्यातील भाजी, फुले व फळे रेल्वेने शहरात येऊ लागली. उपनगरी सेवा २०१३ मध्ये डहाणूपर्यंत वाढविण्यात आल्यावर पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागातील पाड्यांवरील स्त्रियांनाही पहाटेची गाडी पकडून सकाळी दादरला पोहोचणे सोपे झाले. मध्य रेल्वेवर कसारा व कर्जत या दोन्ही दिशांनी शहापूर, मुरबाड, कर्जत तालुक्यांतील माल येतो. पश्चिम व मध्य हे दोन्ही मार्ग दादर येथे एकत्र येतात, आणि दादर हे रानभाज्यांचे प्रमुख केंद्र ठरण्याचे मुख्य कारण हेच आहे.

हंगाम

रानभाज्यांचा क्रम पावसाच्या चालीशी बांधलेला असतो. प्रत्येक भाजी खाण्याजोगी असण्याचा काळ अल्प असतो. शेवळासाठी तो जेमतेम काही आठवड्यांचा, तर टाकळ्याच्या कोवळ्या पानांसाठी पहिल्या पावसानंतरच्या काही दिवसांचा असतो.

चैत्र–वैशाख: मोहाची फुले, कुड्याची फुले, काकडाची फळे, रानमेव्यात करवंदे, जांभळे, तोरणे.
ज्येष्ठ: मृगाच्या आगेमागे शेवळे, त्यापाठोपाठ टाकळा.
आषाढ: फोडशी, कुर्डू, भारंगी, दिंडा, बांबूचे कोंब (वास्ते).
श्रावण–भाद्रपद: कंटोळी, रानअळू, आळंबी, कुड्याच्या शेंगा.

पाऊस लांबला की हा सारा क्रम पुढे सरकतो. पहिल्या सरीनंतर मोठी उघडीप पडली तर उगवलेली पाने लवकर जून होतात आणि त्या भाजीचा हंगाम त्या वर्षापुरता जवळजवळ हुकतो.

प्रमुख रानभाज्या

शेवळा (अमॉर्फोफॅलस कॉम्युटेटस): ही सुरणाच्या कुळातील वनस्पती आहे. जमिनीत कंद असतो आणि पावसाच्या आधी पानांऐवजी प्रथम फुलोरा बाहेर येतो. जांभळट तपकिरी आवरणात गुंडाळलेला हा फुलोरा म्हणजेच बाजारातील शेवळे होय. सुरण व अळू यांच्याप्रमाणेच त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यामुळे योग्य संस्कार न करता खाल्ल्यास घशाला व जिभेला तीव्र खाज सुटते. भाजी करताना आतील पिवळसर दाणेदार भाग काढून टाकतात, उरलेला भाग बारीक चिरून तेलात चांगला परततात आणि आंबट पदार्थ घालून शिजवितात. यासाठी काकड (गरुगा पिनाटा) या वृक्षाची हिरवी आंबट फळे वापरण्याची रीत आहे. शेवळे विकणाऱ्या स्त्रीच्या टोपलीत काकडाचा वाटा हमखास असतो, तो याच कारणाने. काकड न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल वापरतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू व पाठारे प्रभू घरांत शेवळे कोलंबी, सोडे किंवा खिम्याबरोबर शिजविली जातात. शाकाहारी घरांत वालाच्या बिरड्यांची जोड दिली जाते.

टाकळा (सेन्ना टोरा): पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला व पडीक जमिनीवर दाट उगवणारे हे रोपटे आहे. त्याची पर्णिका रात्री मिटतात. फक्त कोवळी पाने खाल्ली जातात. फुले आल्यावर पाने उग्र होतात. कोकणी घरांत लसूण, कांदा व ओले खोबरे घालून टाकळ्याची परतलेली भाजी करतात. उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या तीत घालण्याची पद्धत प्रसिद्ध आहे.

फोडशी: हिलाच काही भागांत कुळू किंवा कोळी भाजी म्हणतात. क्लोरोफायटम या वंशातील ही वनस्पती गवतासारखी दिसते. पात्यांच्या तळाचा पांढरा चिवट भाग काढून टाकून उरलेली पाती बारीक चिरतात व मुगाची डाळ किंवा हरभऱ्याची डाळ घालून भाजी करतात. पात्यांच्या बेचक्यात माती अडकलेली असल्याने ती सुटी करून अनेक पाण्यांत धुवावी लागतात. याच वंशातील सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या शास्त्रीय नावात ‘बोरिविलियानम’ हा शब्द आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव व त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तिचे वर्णन केले आणि तिला बोरिवलीवरून नाव दिले. मुंबईच्या एका उपनगराचे नाव अशा रीतीने वनस्पतिशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

भारंगी (रोथेका सेराटा): हिची पाने चवीला कडवट असतात. ती उकळून, पाणी पिळून काढून मग फोडणीस टाकतात. भिजविलेले वाल, पावटे किंवा डाळ घातल्याने कडवटपणा सौम्य होतो. निळसर फुलांचीही भाजी करतात.

कुर्डू (सेलोशिया अर्जेंटिया): कोंबडा या बागेतील फुलझाडाची ही रानटी भगिनी. कोवळी पाने माठाप्रमाणे शिजवितात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ते तण असते.

दिंडा: लीया या वंशातील या झुडपाचे कोवळे कोंब सोलून भाजी करतात.

कंटोळे किंवा करटोली (मोमोर्डिका डायोइका): कारल्याच्या वंशातील हा वेल असून त्याची फळे लहान, काटेरी दिसणारी पण मऊ व फारशी कडू नसलेली असतात. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलांवर येतात. शहरी ग्राहकांत ही सर्वाधिक परिचित रानभाजी असून आता तिची शेतातही लागवड होऊ लागली आहे.

वास्ते: बांबूच्या कोवळ्या कोंबांत विषारी सायनाइड निर्माण करू शकणारे घटक असतात. बारीक कापून पाण्यात भिजत ठेवल्याने व ते पाणी टाकून उकळल्याने ते नाहीसे होतात. म्हणून वास्ते कधीही कच्चे खात नाहीत.

रानमेवा व पेये

भाज्यांच्या आधी, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस, त्याच स्त्रिया करवंदे, जांभळे, तोरणे व कैऱ्या विकतात. पळसाच्या पानाच्या द्रोणातून करवंदे देण्याची पद्धत दादर स्थानकाबाहेर अजूनही आढळते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या पर्यटकांनाही मोसमाप्रमाणे करवंदे, काकडी, कैरी विकणाऱ्या स्त्रिया भेटतात. उद्यानातील माकडे हातातील खाद्यपदार्थ हिसकावून घेतात. त्यांना खाऊ घालणे हे त्यांच्या आरोग्यास व पर्यटकांच्या सुरक्षिततेस घातक असते.

पेयांमध्ये नीरा हे ताड व शिंदीच्या झाडांपासून मिळणारे गोड पेय मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. झाडाला खाच पाडून रात्रभर जमा केलेला रस सूर्योदयापूर्वी उतरवितात. ऊन लागताच तो आंबू लागतो व त्याची ताडी होते. म्हणून नीरा थंड ठेवून सकाळीच विकावी लागते. मोहाच्या फुलांपासून मद्य गाळले जाते हे सर्वश्रुत आहे; परंतु वाळविलेली फुले भाजून किंवा पिठात मिसळून खाणे हा आदिवासींच्या आहाराचा तितकाच जुना भाग आहे.

सण व प्रथा

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाने पिकविलेले अन्न न खाण्याची प्रथा आहे. त्या दिवशी अळू, माठ, सुरण, पडवळ, शिराळे, मक्याची कणसे आदी घालून ‘ऋषीची भाजी’ करतात. नांगर न लावता उगवलेल्या अन्नाचे स्मरण या प्रथेत टिकून आहे. गौरीच्या आगमनाच्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखविण्याची कोकणी पद्धत लालबाग-परळच्या चाळींतून आजही पाळली जाते. तेरड्याची गौर, आघाडा, दुर्वा व पत्री पुरविणाऱ्या स्त्रिया बहुतांशी रानभाज्या विकणाऱ्याच असतात. त्यामुळे दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईच्या परिसरात श्रावण-भाद्रपदात फुले, पत्री व रानभाज्या यांचा बाजार एकमेकांत मिसळून जातो.

वारली समाजात पावसाळ्यातील पहिली कोवळी भाजी देवाला अर्पण केल्यावरच खाण्याची रीत आहे. या रीतीचा एक व्यावहारिक परिणाम असा, की रोपे पुरेशी वाढण्यापूर्वी त्यांची खुडणी होत नाही.

बाजारपेठ

दादर पश्चिमेस स्थानकाबाहेरील रस्ते, सेनापती बापट मार्ग व रानडे मार्गाचा परिसर, ग्रँट रोड स्थानकाजवळील भाजी गल्ली, भुलेश्वर, तसेच लालबाग-परळमधील बाजार येथे रानभाज्या मिळतात. मुंबईचा घाऊक भाजीबाजार भायखळ्याहून नवी मुंबईत वाशी येथे हलविण्यात आला. तथापि रानभाज्यांचा व्यापार मुख्यतः त्याबाहेरच राहिला. माल थोडा, नाशवंत आणि ठिकठिकाणाहून गोळा केलेला असल्याने तो घाऊक व्यापारात बसत नाही. खुडणारी व विकणारी व्यक्ती बहुधा एकच असते. विक्री वजनावर न होता जुडी किंवा वाटा या मापाने होते.

या बाजारात भाजीबरोबर तिची कृतीही दिली जाते. कोणता भाग टाकावा, किती वेळ उकळावे, कशात घालावे, हे विकणारी स्त्री ग्राहकाला सांगते. ज्या घरांत जुनी पिढी उरलेली नाही तेथे हे तोंडी ज्ञान अनेकदा याच मार्गाने पोहोचते.

विक्रेत्यांची जागा हा या बाजारापुढील जुना प्रश्न आहे. लालबाग येथील प्रसिद्ध सार्वजनिक गणेशोत्सवाचा उगमही अशाच प्रश्नात आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीतील बाजार बंद झाल्यावर उघड्यावर बसणाऱ्या कोळी व अन्य विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला आणि जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये गणपतीची स्थापना केली, असा त्याचा इतिहास सांगितला जातो. रानभाज्या विकणाऱ्या स्त्रिया मात्र वर्षातील तीन-चार महिनेच येतात, त्यांची वस्ती शहराबाहेर असते आणि संघटना नसते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये झाला. त्यानुसार पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करून विक्रीचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. मोसमी विक्रेत्यांची नोंद अशा सर्वेक्षणातून सुटण्याची शक्यता अधिक असते. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर स्थानकांबाहेरील गर्दीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचा निर्णय दिला. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी हा नियम आवश्यक मानला जातो. परंतु डोक्यावर पाटी घेऊन गाडीतून उतरणाऱ्या स्त्रीसाठी स्थानकाजवळची जागा हाच बाजाराचा आधार असल्याने तिच्यावर त्याचा भार अधिक पडतो.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ अन्वये राष्ट्रीय उद्यानातून परवान्याशिवाय कोणतीही वनोपज काढून नेण्यास मनाई आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही या तरतुदीखाली येते. म्हणून पर्यटकांनी उद्यानातून भाजी, कंद अथवा फळे खुडणे हा गुन्हा ठरतो. दुसरीकडे, अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ ने परंपरेने गोळा केली जाणारी गौण वनोपज गोळा करणे, वापरणे व विकणे हा वननिवासींचा हक्क मानला आहे. कंद, मुळे व औषधी वनस्पती यांचा गौण वनोपजाच्या व्याख्येत स्पष्ट उल्लेख आहे. हा हक्क व्यवहारात येण्यासाठी दावा दाखल होऊन तो मान्य व्हावा लागतो. उद्यानात व त्याच्या परिसरात वारली, मल्हार कोळी, कोकणा आदी समाजांचे पाडे असल्याने वनसंरक्षण व उपजीविका यांचा मेळ कसा घालावा, हा येथील कायमचा प्रश्न आहे.

आहारमूल्य व दक्षता

हिरव्या पालेभाज्यांप्रमाणेच पालेवर्गीय रानभाज्यांतून तंतुमय पदार्थ, लोह, कॅल्शियम व अ जीवनसत्त्वाची पूर्वद्रव्ये मिळतात. पावसाळ्याच्या आरंभी घरातील धान्य संपत आलेले असते आणि शेतातील भाजी तयार झालेली नसते. अशा काळात आदिवासी कुटुंबांना त्यांचा मोठा आधार असतो. एखादी रानभाजी विशिष्ट रोग बरा करते असे दावे वारंवार केले जातात. मात्र भाजी हे अन्न आहे, उपचाराचा पर्याय नव्हे.

पुढील बाबतींत दक्षता आवश्यक असते:

ओळख पक्की नसलेली वनस्पती खाऊ नये. सुरणाच्या कुळातील अनेक वनस्पती परस्परांसारख्या दिसतात, तसेच खाद्य व विषारी आळंब्यांतील फरक अनुभवी माणसालाही फसवू शकतो. शिजविल्याने आळंबीतील प्रत्येक विष नष्ट होतेच असे नाही.
ऑक्झलेटयुक्त भाज्या मूतखड्याचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच खाव्यात.
महामार्ग, सांडपाण्याचे नाले व कचराभूमी यांच्या कडेला उगवलेला टाकळा, कुर्डू किंवा अळू खुडू नये. तेथील मातीत धुराचे व धातूंचे अंश साठलेले असू शकतात. मुंबईत रेल्वेमार्गालगत पिकविल्या जाणाऱ्या पालेभाज्या या रानभाज्या नव्हेत.

आव्हाने व संवर्धन

सर्व रानभाज्यांची स्थिती सारखी नाही. टाकळा व कुर्डू मोकळ्या, पडीक जमिनीवर विपुल उगवतात. त्यांची खुडणी कितीही झाली तरी त्यांना धोका नाही. शेवळे व फोडशी यांना मात्र झाडांची सावली आणि न उकरलेली वनभूमी लागते. डोंगरउतारावरील बांधकाम, रस्ते, दगडखाणी व वणवे यांमुळे अशी भूमी घटते तसा त्यांचा आढळही घटतो. शेवळाचा फुलोरा खुडला तरी कंद जगतो व नंतर पान येते. परंतु एका परिसरातील सर्वच फुलोरे खुडले गेले तर बी धरत नाही व नवी रोपे तयार होत नाहीत. फोडशी मुळासकट उपटल्यासही हेच घडते. म्हणून खुडताना काही रोपे राखणे व पाने कंदाच्या वरून कापणे महत्त्वाचे ठरते. शहरातील वाढती हौस ही या दृष्टीने दुहेरी आहे. तिच्यामुळे खुडणाऱ्या स्त्रीला रोख उत्पन्न मिळते, तर अतिरेकी खुडणीमुळे तेच साधन क्षीण होऊ शकते.

अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्र शासनाचा कृषी विभाग ९ ऑगस्ट या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्होजिल्ही रानभाजी महोत्सव भरवितो. त्यांत भाज्यांची ओळख, पाककृती व विक्री यांची सोय असते. विविध शाळा, महाविद्यालये व निसर्गप्रेमी संस्थाही प्रदर्शने आयोजित करतात. तथापि, भाजीची ओळख, ती खुडण्याची वेळ आणि ती निर्धोक करण्याची रीत हे ज्ञान प्रामुख्याने पाड्यावरील वृद्ध स्त्रियांकडे आहे. त्यांच्या मुली व नाती शिक्षण व नोकरीकडे वळत असताना या ज्ञानाची नोंद करणे हे रोपे राखण्याइतकेच निकडीचे झाले आहे.

हेही पाहा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
गिरणगाव
वारली
ऋषिपंचमी
गौण वनोपज